नऊ हिरवे दिवस

लातूरच्या औसा रोडवरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसून आपली बायको जग सांभाळते, असं आदिनाथ पाहुण्यांना सांगतो. तो एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, त्यामुळे कुठलीही गोष्ट जरा फुगवून सांगायची त्याला सवयच आहे; त्याशिवाय शेवटच्या बाकावरची पोरं जागी राहत नाहीत. पण या बाबतीत तो फारसं खोटं बोलत नाही. तनुजाच्या टेबलावर दोन स्क्रीन आहेत. एकीवर जगाचा नकाशा आणि नकाशावर साडेचारशे ठिपके. ठिपका हिरवा असला की तनुजा चहा पिते, पिवळा झाला की कप खाली ठेवते, आणि लाल झाला की तो चहा मग कुणीच पीत नाही.

प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्टेशन. कुठल्याशा छतावर, डोंगरावर, बंदराच्या धक्क्यावर काँक्रीटचा खांब, खांबावर पांढऱ्या टोपीचा अँटेना, आणि खाली पेटीत एक रिसीव्हर. डोक्यावरून जाणारे उपग्रह जे सांगतात ते हा रिसीव्हर ऐकतो आणि दर सेकंदाला इंटरनेटवरून पुढे पाठवतो. स्टेशनची स्वतःची जागा मिलिमीटरपर्यंत ठाऊक असते, त्यामुळे उपग्रहाच्या बोलण्यात किती चूक आहे ते त्याच्यावरून निघतं. ती दुरुस्ती मग जहाजांना जाते, जमीन मोजणाऱ्यांना जाते, परदेशात तर माणसाशिवाय चालणाऱ्या ट्रॅक्टरांनाही जाते. अट एकच, माल ताजा हवा. दोन सेकंदांपूर्वीची माहिती इथे शिळी समजतात.

हा साडेचारशे धारांचा ओघ अखंड चालू ठेवायचा, हे तनुजाचं काम. संस्था परदेशातली, भारतातली तुकडी आपापल्या घरून काम करणारी, आणि तुकडीच्या प्रमुख पुण्याच्या मनस्विनी मॅडम. ठिपका लाल झाला की इंटरनेट गेलंय, वीज गेलीय, यंत्र बिघडलंय की कुणी माणसाने काही केलंय, ते शोधायचं. दहातल्या सात वेळा माणूसच असतो. पण माणसांशी कसं बोलावं हे तनुजाला बरोबर कळतं, असं मॅडमचं मत. पॅसिफिकमधल्या एका बेटावर शाळेच्या छतावर स्टेशन आहे, ते तिथली एक शिक्षिका सांभाळते. एकदा ते तीन दिवस बंद होतं. संस्थेच्या बाकीच्या लोकांनी तिला यंत्राचे प्रश्न विचारले. तनुजाने पहिल्या ओळीत विचारलं, तुम्ही सगळे बरे आहात ना? तिकडे वादळात अर्ध्या गावाची छपरं उडाली होती. त्या बाईने नंतर लिहिलं की आमची चौकशी करणारं पत्र तेवढं एकच आलं. तेव्हापासून नव्या लोकांना शिकवताना मॅडम ते पत्र दाखवतात.

हे सगळं आधी सांगून ठेवलं, कारण पुढे जे झालं ते याच बाईच्या हातून झालं.

तनुजाचं माहेर खडकवाडी, नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यापासून अकरा किलोमीटर. वडील शेषेराव, आई धोंडाबाई, आणि ही एकुलती एक. शेषेरावांनी तिला विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला घातलं तेव्हा भावकीतल्या लोकांनी पोरीला एवढं शिकवून काय तारे तोडणार म्हणून हिणवलं होतं. मराठवाड्यात नेटवर्कचं एकही स्टेशन नव्हतं, आणि जागा शोधायचं काम तनुजाकडे आलं, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर पहिलं घर आलं ते हेच. भावनेपोटी नाही बरं का. काळ्या जमिनीवरची घरं पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात बसतात, म्हणून तिथे खांब चालत नाही. शेषेरावांचं घर गावाबाहेर उघड्या खडकावर आहे, चारी बाजूंनी आभाळ मोकळं. मॅडमना लातूरच्या एका इमारतीचं छत हवं होतं. तनुजा महिनाभर भांडली आणि जिंकली. पाच डिसेंबरला खडकवाडीचा ठिपका हिरवा झाला. नव्वद दिवसांची परीक्षा, आणि त्यात स्टेशन पंच्याण्णव टक्के वेळ चालू राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर खांब काढून न्यायचा, आणि मार्चमध्ये तनुजाचं कंत्राट पुढे वाढवायचं की नाही याचा विचार करताना ही गोष्ट बैठकीत निघणार, हे मॅडमनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

शेषेराव त्या खांबाच्या प्रेमातच पडले. सकाळी अंघोळ झाली की छतावर जायचे, अँटेनाच्या पांढऱ्या टोपीवर पाखरांनी केलेली घाण ओल्या फडक्याने पुसायचे आणि वहीत तारीख टाकून सही करायचे. वही ठेवा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पारावर बसले की आपल्या ठेसनावरून साऱ्या जगाला माप जातं, असं ते ऐकवायचे, आणि कुणी हसलं तर त्याला छतावर नेऊन दाखवायचे. खेड्यातली लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून संस्थेने घरातल्या पेटीतच एक छोटा इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवून दिली होती. त्याला दुसरं काही जोडायचं नाही, अशी तनुजाची सक्त ताकीद होती. पहिले चाळीस दिवस ठिपका असा हिरवागार राहिला की मॅडमसुद्धा गप्प झाल्या.

आता तनुजाला जे ठाऊक नव्हतं ते आपण जाणून घेऊ, कारण ते सगळ्या खडकवाडीला ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी कोरोनात शेषेराव नांदेडच्या दवाखान्यात वीस दिवस होते. जगले, पण फुफ्फुसांवर वण राहिले. तेव्हा तनुजाने चांगली नोकरी सोडली, दोन महिने बापाच्या उशाशी बसली आणि नंतर दीड वर्ष कामाविना घरी राहिली. ते दीड वर्ष शेषेरावांनी कधी विसरलं नाही. यंदा जानेवारीत तुरीचं खळं सुरू झालं, त्या भुसकटाने त्यांचा दम असा उखडला की दोन पावलं टाकणं मुश्किल झालं. शेजारचे साहेबराव त्यांना जीपमधून नांदेडला घेऊन गेले. डॉक्टरांनी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन घरी लावायला सांगितलं. रोज निदान सोळा तास, आणि मधेच बंद करायचं नाही. ऐन संक्रांतीच्या दिवशी ते मशीन घरात आलं. तनुजाला कळता कामा नये, अशी शेषेरावांनी बायकोला आणि साहेबरावांना तंबी दिली. कळलं की ती पुन्हा नोकरी सोडून येईल, ही त्यांची धास्ती. व्हिडिओ कॉल आला की ते नाकातली नळी काढून उशीखाली सारायचे. गालांवर वळ कसले दिसतात म्हणून तनुजाने एकदा विचारलंही. नव्या चष्म्याचे, असं ते म्हणाले, आणि तिने ते मानलं.

लाईट गेली की मशीन बंद. मग धोंडाबाईंनी शक्कल काढली. इन्व्हर्टरला दोन्ही जोडून पाहिलं तर तो कोकलायला लागला आणि दोन्ही बंद पडलं. तेव्हा लाईट गेली की स्टेशनची पिन काढायची आणि मशीनची लावायची, लाईट आली की पुन्हा स्टेशनची. दिवसातून तीनदा, कधी चारदा. घराच्या आत शेषेराव श्वास घ्यायचे, आणि लातूरला तनुजाच्या नकाशावर खडकवाडी लाल व्हायची.

पहिल्या दिवशी तिला वाटलं बॅटरी गेली. चौथ्या दिवशी तिने साहेबरावांच्या ओळखीच्या लोह्याच्या वायरमनला पाठवलं, तो बॅटरी ठणठणीत आहे म्हणून सांगून गेला. त्यालाही शेषेरावांनी गप्प केलं होतं. दहाव्या दिवशी तनुजाने फोनवर एक व्यवस्था लावून दिली: स्टेशन बंद पडलं की दर पंधरा मिनिटांनी शेषेरावांच्या मोबाईलवर मेसेज जाईल. बाकीच्या जगाला हा मेसेज इंग्रजीत जातो, वडिलांसाठी तिने तो मराठीत स्वतः लिहिला. दादा, स्टेशन बंद आहे, पिन बघा. लाडाने लिहिला होता तिने.

दोन फेब्रुवारीला साठ दिवस झाले. आकडा चौऱ्याण्णव पूर्णांक चारवर आला होता. मॅडमचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट होतं. जागा निवडताना आपण थोडं भावनेच्या आहारी गेलो का, एवढंच त्यांनी विचारलं. तनुजाचे कान तापले. फोन ठेवला तसा तिने खडकवाडीला लावला. लोह्याच्या वायरमनकडून घेतलेल्या वेळांशी ताडता दर वेळी लाईट जाते त्याच मिनिटाला स्टेशन बंद पडतं, म्हणजे इन्व्हर्टरवर दुसरं काही तरी लावलं जातंय, हे तिने हेरलं होतं. तिने सरळ विचारलं. पलीकडे फोन धोंडाबाईंनी उचलला होता. शेषेरावांनी हाताने खूण केली असणार.

"हाव, मीच काढते पिन," धोंडाबाई म्हणाल्या. "टीव्हीवर मालिका बघून राहिले व्हते."

जिने आयुष्यात मालिकेचं नाव धड सांगितलं नव्हतं, लाईट गेल्यावर जिला देवापुढची समईसुद्धा पुरायची, त्या आईचं हे बोलणं तनुजाला खरं वाटलं. राग आला की माणसाला सोयीचं तेच खरं वाटतं. तिने आईला असं झापलं की शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसलेला आदिनाथ उठून दाराशी आला. तुमच्या मालिकेपायी माझी अब्रू चाललीय, जगातली माणसं वादळात, बर्फात स्टेशन चालू ठेवतात आणि माझ्या घरचं माणूस एक पिन जागेवर ठेवू शकत नाही, तुमच्यावर विश्वास टाकला हीच माझी चूक झाली, असं पुष्कळ काही ती बोलली. त्या बेटावरच्या शिक्षिकेला जे पहिल्या ओळीत विचारलं होतं ते तिने आईला शेवटच्या ओळीतही विचारलं नाही.

फोन शेषेरावांनी घेतला. त्यांचा आवाज बारीक येत होता, वाक्य मधे तुटत होतं. तनुजाला वाटलं, रेंज नाही.

"तुझ्या मायला बोलू नगं," ते म्हणाले. "उद्यापासनं एक सेकंद बी बंद पडणार न्हाई. जबान हाय माझी."

शेषेरावांची जबान म्हणजे काय चीज आहे हे पंचक्रोशीत विचारा. वाटणीच्या वेळी भावाला नुसत्या शब्दावर विहिरीकडचा तुकडा देऊन बसलेला माणूस तो. कागद नंतर झाला, आणि तोही भावाने आग्रह केला म्हणून. शब्द दिला की मग त्यात सोय-गैरसोय पाहायची नाही, असा त्यांचा खाक्या. आजवर त्यांच्या या हट्टाचा त्रास झाला तो त्यांच्या खिशाला. या वेळी कशाला होणार होता ते धोंडाबाईंना त्याच क्षणी कळलं. त्या भांडल्या, रडल्या, जेवल्या नाहीत. शेषेरावांनी पेटीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली.

तीन फेब्रुवारीपासून खडकवाडी हिरवी झाली ती हिरवीच राहिली. तनुजाला एवढा आनंद झाला की बापाच्या शब्दाचं तिला कौतुक वाटलं आणि आईला आपण जरा जास्तच बोललो याचं थोडं वाईटही. पण फोन करून तसं म्हणायचं राहून गेलं. पेटीतलं यंत्र लाईट गेली कधी आणि आली कधी याचीही नोंद करतं. पूर्वी पिनच निघायची म्हणून ती नोंद मिळत नसे. आता रोजची येऊ लागली. तनुजा ती मुद्दाम उघडून पाहायची. सकाळी सव्वातीन तास लाईट नव्हती, स्टेशन चालूच. संध्याकाळी पन्नास मिनिटं नव्हती, चालूच. हा तक्ता तिने मॅडमना पाठवला आणि खाली लिहिलं, ग्रामीण भागातली अडचण आणि तिच्यावर केलेली मात. मॅडमनी वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. नवव्या दिवशी आकडा पंच्याण्णव पूर्णांक एक झाला. तनुजाने हिरव्या पट्ट्यांचा फोटो वडिलांना पाठवला. पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. एरवी शेषेराव अशा फोटोवर हात जोडलेलं चित्र पाठवत. ते नाही आलं हे तिच्या लक्षात आलं, आणि तेवढ्यात कुठलंसं नॉर्वेचं स्टेशन पिवळं झालं.

बारा फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी खडकवाडी लाल झाली.

तनुजाने कपाळाला हात लावला. दहा मिनिटं वाट पाहिली, मग फोन लावला. तिसऱ्या वेळी धोंडाबाईंनी उचलला. मागे कुणी तरी धावपळ करत होतं, जीपचा आवाज येत होता. माय, पुन्हा काढलीस का, एवढंच तनुजा म्हणाली. या वेळी खूण करायला शेषेराव शुद्धीवर नव्हते.

"काढली," धोंडाबाई म्हणाल्या. "कुलूप फोडून काढली. मी मालिका बघत न्हाई तनू, कधी बघितली बी न्हाई. तुझ्या बापाला नळीतून हवा देऊन राहिलो महिना झाला. लाईट गेली की तुझी पिन काढून त्यांच्या मशीनला लावायची, असं चाललं व्हतं. तू बोललीस तवापासनं ह्यांनी हात लावू दिला न्हाई. आज व्हट निळे पडले. आता साहेबरावच्या जीपमधी घालून नांदेडला न्यायलोत. तुला यायचं तर ये."

तनुजा खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली. मग तिने आदिनाथला फोन लावला. आदिनाथने वर्ग सोडला, गाडी काढली. अहमदपूर मागे पडलं. मग आदिनाथने न राहवून विचारलं, दुसरा इन्व्हर्टर का नाही घेतला त्यांनी? खरंच, का नाही घेतला? लोह्याच्या बाजारात तीन दुकानांत मिळतो तो. तनुजाला एक शब्द सांगितला असता तर तिने त्याच संध्याकाळी टेम्पोत घालून पाठवला असता. पण इन्व्हर्टर मागायचा म्हणजे मशीनचं सांगावं लागलं असतं, आणि मशीनचं सांगायचं नव्हतं. आणि तिने तरी काय विचारलं? टीव्ही बघता का, एवढंच. एवढ्याशा गोष्टीवर माणसाचा जीव टांगलेला होता, आणि दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांवर जीव टाकणारी होती. चीड येते अशा प्रेमाची.

नांदेडच्या दवाखान्यात पोचायला अडीच वाजले. शेषेराव अतिदक्षता विभागात, तोंडावर मास्क. बाहेर बाकावर धोंडाबाई बसल्या होत्या, उजव्या हाताच्या बोटांना चिंधी गुंडाळलेली. कुलूप त्यांनी पाट्याच्या वरवंट्याने फोडलं होतं. तनुजा समोर जाऊन उभी राहिली. धोंडाबाईंनी मांडीवरचा शेषेरावांचा मोबाईल तिच्याकडे धरला. तो तेवढ्यात पुन्हा थरथरला. दादा, स्टेशन बंद आहे, पिन बघा. दादा, स्टेशन बंद आहे, पिन बघा. दर पंधरा मिनिटांनी एक, अकरा पस्तीसपासून.

"हे थांबव आधी," धोंडाबाई म्हणाल्या.

तनुजाने थांबवलं. मग ती आईच्या पायाशी फरशीवर बसली आणि आईच्या गुडघ्यात तोंड घालून रडली. मी मारलं त्यांना, मी मारलं, असं ती म्हणत राहिली. धोंडाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण नाही म्हटलं नाही. खोटं बोलून बोलून ती बाई दमली होती.

चार वाजता शेषेराव शुद्धीवर आले. छातीच्या डॉक्टरांनी दोघींना आत बोलावलं. बाई तरुण होत्या, बोलायला नीट. त्यांनी सांगितलं की आता धोका टळल्यासारखा आहे, पण हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलाय, फुफ्फुसंही आधीपेक्षा खालावलीत. इथून पुढे सोळा तास नाही, चोवीस तास मशीन लागेल. शेतात जाणं, छत चढणं विसरायचं. पुढची औषधं ठरवायला त्यांना एक गोष्ट हवी होती. ऑक्सिजन किती दिवस तुटत होता, आणि दर वेळी साधारण किती वेळ? एकदम आज झालं की साठत गेलं?

धोंडाबाईंनी आठवून पाहिलं. लाईट जाईल तवा, त्या म्हणाल्या. कधी सकाळी, कधी दिवेलागणीला. घड्याळ कोण बघतंय. डॉक्टर म्हणाल्या, अंदाजे सांगा, नेमकं तर कुणालाच माहीत नसतं.

तनुजाला माहीत होतं. लॅपटॉप तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होता. कामाचा माणूस तो मागे ठेवत नाही. तिने तो खाटेच्या पायथ्याशी टेबलावर उघडला आणि मॅडमना पाठवलेला तोच तक्ता काढला. नऊ हिरवे पट्टे, आणि प्रत्येकाच्या खाली लाईट गेल्याची आणि आल्याची वेळ. बापाच्या नाकातली हवा कधी थांबली आणि कधी सुरू झाली, ते सेकंदापर्यंत लिहिलेलं होतं. अशी नोंद जगात दुसऱ्या कुठल्या पेशंटची नसेल.

"नऊ दिवस," ती म्हणाली. "आजची सकाळ सोडून एकूण साडेसदतीस तास. सगळ्यात लांब सात तारखेला, चार तास बारा मिनिटं."

डॉक्टरांनी मान वर केली. एकेक वाचता का, म्हणाल्या, मी लिहून घेते. तनुजा वाचू लागली. तीन फेब्रुवारी, सकाळी सहा वाजून चार मिनिटं ते नऊ एकोणीस. तीन फेब्रुवारी, दुपारी एक चाळीस ते दोन पाच. तीन फेब्रुवारी, संध्याकाळी सहा बावन्न ते सात बेचाळीस. हे तिसरं वाचताना तिला आठवलं, त्या संध्याकाळी ती आदिनाथबरोबर बाहेर जेवायला गेली होती, पहिला दिवस हिरवा गेला म्हणून. चौथ्या तारखेवर येऊन तिने डोळे पुसले. डॉक्टर थांबल्या. धोंडाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

खाटेवर शेषेरावांनी हात हलवला. मास्क जरा वर करायची त्यांनी खूण केली. नर्स नको म्हणाली, तरी त्यांनी स्वतःच बोटाने तो इंचभर उचलला.

"तनू," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द यायला फार वेळ लागला. "त्या नऊ दिवसांत... ठेसन कुठं बंद न्हाई पडलं ना?"

"न्हाई, दादा," तनुजा म्हणाली. "एक सेकंद बी न्हाई."

शेषेरावांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांनी धोंडाबाईंकडे पाहून भुवई जरा उडवली, आणि मास्क सोडून डोळे मिटले. नर्सने मास्क नीट बसवला.

अजून किती नोंदी आहेत, डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं. तनुजाने स्क्रीनवर बोट फिरवून मोजल्या. चोवीस, ती म्हणाली, आणि पुढची वाचू लागली.